लाइट गेली तेव्हा तुम्ही काय करत होतात? स्पॅनिशच्या भूतकाळावर वाचकांचे प्रश्न

या महिन्यात स्पॅनिशवर जे प्रश्न आले त्यातले बहुतेक एकाच जागी येऊन अडकलेत, म्हणजे भूतकाळात एखादी गोष्ट चालू होती आणि मधेच दुसरं काहीतरी झालं, हे सांगायचं कसं. म्हणून बाकीची नेहमीची मंडळी (सेर आणि एस्तार, पोर आणि पारा वगैरे) पुढच्या वेळी घेऊ, आज फक्त हेच. स्पॅनिश शब्द देवनागरीत देतोय, जोर कुठल्या अक्षरावर पडतो त्याने जिथे अर्थ बदलतो तिथे तसं सांगेन.

प्रश्न: सर, मी पुण्यात बीएला आहे आणि बाहेर स्पॅनिशचा बी-वनचा क्लास करते. मॅडमनी होमवर्क दिला होता, एप्रिल 2025 मधे स्पेनमधे सगळीकडे लाइट गेली होती ना, त्यावर माद्रिदच्या एका माणसाच्या तोंडून परिच्छेद लिहायचा. मी लिहिलं 'त्राबाहाबा क्वांदो से फ्वे ला लूस' (मी काम करत होतो तेव्हा लाइट गेली), मैत्रिणीने लिहिलं 'एस्ताबा त्राबाहांदो क्वांदो से फ्वे ला लूस'. मॅडमनी दोन्ही बरोबर दिलं! मग फरक काय, आणि फरक नसेल तर दोन दोन रूपं पाठ कशाला करायची?

उत्तर: अगं तुझ्या मॅडमनी विषय फार छान निवडलाय. 28 एप्रिल 2025 ला दुपारी 12 वाजून 33 मिनिटांनी स्पेन आणि पोर्तुगालच्या मुख्य भूमीवर एकदम वीज गेली, मेट्रो जिथल्या तिथे थांबल्या, लोक लिफ्टमधे अडकले, सिग्नल बंद, फोनला रेंज नाही, आणि बऱ्याच भागात लाइट यायला रात्र झाली. त्यानंतर कितीतरी दिवस तिकडे लोक एकमेकांना भेटले की पहिला प्रश्न हाच, 'के एस्ताबास आसिएंदो क्वांदो से फ्वे ला लूस?', म्हणजे लाइट गेली तेव्हा तू काय करत होतास. तिथले लोकही 'लाइट गेली' असंच म्हणतात बघ, 'से फ्वे ला लूस', लाइट निघून गेली. (माद्रिदमधे 'लूस'चं 'लूथ' ऐकू येईल, घाबरायचं नाही.)

आता तुझा प्रश्न. दोन्ही वाक्यं बरोबरच आहेत, अर्थही तोच. बोलताना मात्र मैत्रिणीचं वाक्य जास्त येतं, कारण नेमकं त्या क्षणी हातात काय काम होतं हे 'एस्ताबा' अधिक '-आंदो' किंवा '-इएंदो' लावलं की अगदी स्पष्ट होतं. तुझं 'त्राबाहाबा' थोडं लिखाणातलं वाटतं, पण चुकीचं नाही. फरक कुठे कळतो माहितीये का, 'क्वांदो'वाला तुकडा काढून टाक आणि मग बघ. 'एस्ताबा त्राबाहांदो' म्हटलं तर ऐकणारा म्हणेल बरं, काम करत होतास, मग पुढे काय झालं? नुसतं 'त्राबाहाबा एन उन बांको' म्हटलं तर तो समजेल की तेव्हा हा बँकेत नोकरीला होता, रोज जायचा.

म्हणजे इम्पेर्फेक्तो (तेच ते त्राबाहाबा, कोमीआ, बिबीआ) एकटा आपल्या मराठीतली दोन कामं करतो. 'करत होतो' पण तोच आणि 'करायचो' पण तोच. शाळेत आपण अपूर्ण भूतकाळ आणि रीती भूतकाळ असे दोन वेगळे पाठ केलेत, ते दोन्ही या एका डब्यात. आणि 'एस्ताबा त्राबाहांदो' फक्त पहिलं काम करतं, 'करत होतो'चं. म्हणून मी सगळ्यांना सांगतो की इंग्रजीवरून स्पॅनिशमधे जायचं बंद करा, इंग्रजीचा साधा भूतकाळ 'गेलो' आणि 'जायचो' दोन्हीला वापरता येतो त्यामुळे तिथे काही पत्ताच लागत नाही. मराठीत वाक्य म्हणून बघ. 'जेवलो' आलं तर इंदेफिनिदो (स्पॅनिशचा साधा भूतकाळ), म्हणजे 'कोमी' (जोर शेवटच्या 'मी'वर). 'जेवत होतो' आलं तर 'एस्ताबा कोमिएंदो' नाहीतर 'कोमीआ'. 'जेवायचो' आलं तर फक्त आणि फक्त 'कोमीआ'. लहानपणी रोज आंबे खायचो याचं 'क्वांदो एरा निन्यो, एस्ताबा कोमिएंदो मांगोस' असं केलंस तर स्पॅनिश माणूस बिचारा वाट बघत बसेल की आंबे खाताना झालं काय.

रूपं तशी सोपी आहेत, '-आर'वाल्यांना आबा, आबास, आबा, आबामोस, आबाइस, आबान आणि '-एर' '-ईर'वाल्यांना ईआ, ईआस, ईआ, ईआमोस, ईआइस, ईआन. वाकडी चालणारी क्रियापदं अख्ख्या भाषेत तीनच, सेरचं 'एरा', ईरचं 'ईबा', बेरचं 'बेईआ'. इंदेफिनिदोमधे जो गोंधळ आहे त्याच्यासमोर हे म्हणजे सुट्टीच.

आणि एक, तुझ्या परिच्छेदात पुढे 'क्वांदो से फ्वे ला लूस, बाहाबा पोर ला एस्कालेरा' असं आहे. तुला म्हणायचं होतं की लाइट गेल्यावर तो जिन्याने खाली उतरला. पण 'बाहाबा' म्हटल्यामुळे तो लाइट जायच्या आधीपासूनच जिन्यात होता! 'उतरत होता तेव्हा' आणि 'गेल्यावर उतरला' यातला हा फरक आहे. आधी लाइट गेली, मग उतरला, असं एकामागून एक झालं असेल तर दोन्हीकडे इंदेफिनिदो, 'क्वांदो से फ्वे ला लूस, बाहे पोर ला एस्कालेरा'. 'क्वांदो' दोन्हीकडे तोच राहतो, काम सगळं क्रियापदाच्या शेपटीवर चालतं, त्यामुळे शेपटी नीट लिही. तिसरा प्रकारही बघून ठेव, दोन्हीकडे इम्पेर्फेक्तो: 'क्वांदो से ईबा ला लूस, बाहाबा पोर ला एस्कालेरा', म्हणजे जेव्हा जेव्हा लाइट जायची तेव्हा तो जिन्याने उतरायचा. हे वाक्य माद्रिदपेक्षा आपल्याकडच्या उन्हाळ्याला जास्त बरं बसतं, पण व्याकरण पक्कं.

प्रश्न: नमस्कार, मी नाशिकला असतो, आयटीत आहे, ऑनलाइन स्पॅनिश शिकतोय. 'मी दोन तास बसची वाट बघत होतो' याचं मी 'एस्ताबा एस्पेरांदो एल आउतोबुस दोस ओरास' केलं, शिक्षकांनी चूक दिली. 'बघत होतो' म्हणजे चालू क्रिया ना? मग चुकलं कुठे?

उत्तर: दादा, आत्ताच वर मी मराठीचा झेंडा फडकावला आणि लगेच तुमचा प्रश्न आला, कारण मराठी जिथे दगा देते ती जागा हीच. मराठीत आपण 'दोन तास वाट बघत होतो', 'पाच वर्षं तिथे राहत होतो', 'काल दिवसभर अभ्यास करत होतो' असं बिनधास्त म्हणतो, किती वेळ ते सांगूनसुद्धा क्रिया उघडी ठेवतो. स्पॅनिशला ते चालत नाही. एकदा तुम्ही सांगितलं की दोन तास, पाच वर्षं, दिवसभर, की त्या भाषेच्या हिशोबाने ती गोष्ट मोजून झाली, सुरुवात आणि शेवट दोन्ही आले, आता ती बंद. बंद म्हणजे इंदेफिनिदो. म्हणून 'एस्तुबे एस्पेरांदो एल आउतोबुस दोस ओरास', नाहीतर सरळ 'एस्पेरे दोस ओरास'. राहत होतो याचं 'बिबी आयी सिंको आन्योस'. अभ्यासाचं 'आयेर एस्तुबे एस्तुदिआंदो तोदो एल दिआ'.

गंमत म्हणजे 'एस्तुबे एस्पेरांदो'मधे '-आंदो' आहेच, म्हणजे क्रिया लांबली हे दिसतं, फक्त 'एस्ताबा'च्या जागी 'एस्तुबे' बसून दोन्ही टोकं बांधली गेली. अनेकांना वाटतं लांब चाललं तर इम्पेर्फेक्तो आणि पटकन झालं तर इंदेफिनिदो, हा गैरसमज कुठून पसरलाय काय माहीत, पण डोक्यातून काढून टाका. शंभर वर्षं चाललेलं युद्धसुद्धा इंदेफिनिदोमधे जातं, 'दुरो सिएन आन्योस'. किती चाललं याला महत्त्व नाही, तुम्ही त्याच्या आत उभं राहून बोलताय की ते संपल्यावर बाहेरून बघताय याला आहे. त्या लाइट गेलेल्या दिवसाचंच बघा, 'एस्ताबामोस सिन लूस' म्हणजे आम्ही अंधारात होतो (आणि आता त्या अंधारात काय काय घडलं ते सांगतो), आणि 'एस्तुबिमोस दिएस ओरास सिन लूस' म्हणजे दहा तास लाइट नव्हती, संपला विषय.

मग दोन तास वाट बघणं चालू असतानाच बस आली असं म्हणायचं असेल तर? त्याला वेगळीच रचना आहे आणि ती इतकी कामाची आहे की आजच पाठ करून टाका: 'येबाबा दोस ओरास एस्पेरांदो क्वांदो येगो एल आउतोबुस'. येबार म्हणजे एरवी नेणं, इथे मात्र 'इतका वेळ झाला होता' असा अर्थ. मराठीत 'दोन तास झाले वाट बघत होतो तेव्हा कुठे बस आली' म्हणतो ना, तेच. या रचनेत येबार इंदेफिनिदोमधे कधीच येत नाही, 'येबे दोस ओरास एस्पेरांदो' नाही म्हणायचं. तोच अर्थ 'आसीआ दोस ओरास के एस्पेराबा' असाही सांगता येतो, पण येबाबा तोंडात पटकन बसतं.

प्रश्न: मी कोल्हापूरची, निवृत्त शिक्षिका आहे, हौस म्हणून स्पॅनिश वाचते. स्पेनमधल्या 1981 च्या फसलेल्या लष्करी उठावाबद्दल वाचताना एके ठिकाणी 'लोस दिपुतादोस एस्ताबान बोतांदो क्वांदो एंत्रो तेहेरो' असं होतं ते समजलं. पण दुसऱ्या एका लेखात 'आ लास 18:23 तेहेरो एंत्राबा एन एल एमिसिक्लो' असं दिलंय. आत शिरणं तर क्षणात झालं, मग 'एंत्राबा' का? की छपाईची चूक?

उत्तर: ताई, छपाईची चूक नाही, आणि तुमची नजर मात्र पक्की शिक्षिकेची आहे.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. 23 फेब्रुवारी 1981 ला माद्रिदच्या संसदेत लेओपोल्दो काल्वो-सोतेलो यांच्या पंतप्रधानपदासाठी मतदान चालू होतं, एकेका खासदाराचं नाव पुकारत होते, आणि संध्याकाळी 6 वाजून 23 मिनिटांच्या सुमाराला सिव्हिल गार्डचे लेफ्टनंट कर्नल आंतोनिओ तेहेरो हातात पिस्तूल घेऊन सशस्त्र शिपायांसकट आत घुसले, 'किएतो तोदो एल मुंदो' म्हणजे कुणीही हलायचं नाही असं ओरडले, छताच्या दिशेने गोळ्या झाडल्या. मध्यरात्र उलटून गेल्यावर राजे हुआन कार्लोस टीव्हीवर आले आणि उठावाच्या विरोधात बोलले, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळे खासदार सुटले. स्पेनमधे याला तारखेवरून 'बेइंतित्रेस-एफे' म्हणतात, आणि तेव्हा कळत्या वयाच्या असलेल्या माणसाला त्या संध्याकाळी तुम्ही कुठे होतात असं विचारलं तर सहसा उत्तर तयार असतं, 'एस्ताबा एन कासा' (घरी होतो), 'ईबा एन एल कोचे' (गाडीतून जात होतो), 'एस्ताबा एस्कुचांदो ला रादिओ' (रेडिओ ऐकत होतो). मतदान रेडिओवर थेट चालू होतं त्यामुळे गोळ्यांचे आवाज लोकांनी घरबसल्या ऐकले.

तुमचं पहिलं वाक्य म्हणजे या सदराच्या विषयाचा नमुनाच, मतदान करत होते (उघडी क्रिया), तेहेरो शिरला (मधेच झालेली घटना). दुसऱ्या वाक्यातला 'एंत्राबा' हा बातमीदारांचा लाडका प्रकार आहे, त्याला कथनातला इम्पेर्फेक्तो म्हणतात. घटना झालेली, संपलेली, वेळसुद्धा मिनिटासकट दिलेली, तरी लिहिणारा मुद्दाम इम्पेर्फेक्तो टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर तेहेरो अजून दारातून आत येतोच आहे. यात खूण एकच, शेजारीच नेमकी वेळ किंवा तारीख दिलेली असते, तिच्यामुळेच वाचक गोंधळत नाही. खेळाच्या पानावर हा प्रकार इतका दिसतो की कधी कधी कंटाळा येतो, 2010 च्या वर्ल्ड कप फायनलमधे इनिएस्ताने 116 व्या मिनिटाला जो गोल मारला त्याचं 'एन एल मिनुतो 116 इनिएस्ता मार्काबा एल गोल' असं वाक्य कुठेही सापडेल. वाचताना मजा घ्या, पण परीक्षेत किंवा बोलताना तुम्ही स्वतः 'एंत्रो', 'मार्को' म्हणा (दोन्हीत जोर शेवटी), नाहीतर परीक्षकाला वाटेल येत नाही म्हणून केलंय.

त्याच प्रसंगातलं अजून एक तुम्हाला आवडेल. गोळ्या सुटल्यावर जवळजवळ सगळे खासदार बाकांखाली आडवे झाले, मावळते पंतप्रधान आदोल्फो सुआरेस आपल्या जागेवर बसून राहिले. हे 'सुआरेस सेगीआ सेंतादो' असंही लिहितात आणि 'सुआरेस सिगिओ सेंतादो' असंही. पहिल्यात नुसतं चित्र आहे, बाकी सगळे खाली आणि हा माणूस बसलेलाच होता. दुसऱ्यात त्याने काहीतरी केलं, बसून राहिला, गोळ्या चालू असताना बसून राहणं ही कृती झाली. दोन्ही वाक्यांत माणूस एक इंचही हललेला नाही, तरी व्याकरण वेगळं. मला विचाराल तर 'सिगिओ'च हवं.

प्रश्न: आम्ही मूळचे सोलापूरचे, सध्या नोकरीमुळे मेक्सिकोत ग्वादालाहाराला आहोत. मुलगी इथल्या शाळेत जाते. तिच्या पुस्तकात 'कोप्रेतेरितो' नावाचा काळ आहे. मी ज्या पुस्तकातून शिकलो त्यात हा शब्दच नाही. हा नवीन कुठला काळ?

उत्तर: नवीन काही नाही, तुमचा जुना इम्पेर्फेक्तोच मेक्सिकन शाळेच्या युनिफॉर्ममधे. तुमचं पुस्तक स्पेनचं असणार. ही नावं आंद्रेस बेल्यो या गृहस्थांची आहेत, जन्म काराकासचा, आयुष्याचा मोठा काळ चिलीत गेला, आणि 1847 मधे त्यांनी अमेरिकेतल्या स्पॅनिश बोलणाऱ्यांसाठी म्हणून व्याकरण लिहिलं. त्यांना 'अपूर्ण' वगैरे नावं पटली नाहीत. त्यांचं म्हणणं असं की हा काळ भूतकाळातल्या दुसऱ्या कशाच्या तरी सोबत असतो, एक गोष्ट झाली तेव्हा ही पण चालूच होती, म्हणून 'को' म्हणजे सह, सहभूतकाळ. मला विचाराल तर विद्यार्थ्याला हे नाव जास्त उपयोगाचं आहे, कारण नुसतं 'एस्ताबा कोमिएंदो' ऐकलं की आपण आपोआप विचारतो, कधी? कशाच्या वेळी? तो जोडीदार मागणारा काळ आहे हे नावातच सांगितलंय. इंदेफिनिदोला मुलीच्या पुस्तकात नुसतं 'प्रेतेरितो' म्हटलेलं असेल, आणि पुढच्या इयत्तेत 'आंतेकोप्रेतेरितो' असा भला मोठा शब्द आला तर दचकू नका, तो 'आबीआ कोमिदो', जेवलो होतो.

घरी प्रॅक्टिस करायची असेल तर तिकडे भूकंपाचा विषय सगळ्यांच्या ओळखीचा. 19 सप्टेंबर 1985 चा सकाळी सातनंतर झालेला, आणि बरोबर त्याच तारखेला 2017 मधे दुपारी सव्वाच्या आसपास झालेला, त्या दिवशी तर सकाळी अकरालाच भूकंपाची रंगीत तालीम झाली होती. ग्वादालाहारा त्या मानाने लांब, पण राजधानीतल्या कुणालाही विचारा. 'लोस निन्योस एस्ताबान एन ला एस्क्वेला क्वांदो तेम्ब्लो', मुलं शाळेत होती तेव्हा भूकंप झाला. इथे 'एस्तांदो' वगैरे लावायची गरज नाही हे मुलीला दाखवा, 'असणं' आधीच चालू आहे. आणि 'मिएंत्रास तेम्ब्लाबा' म्हणजे जमीन हलत होती तेवढा वेळ, तिथे हादरा घटना न राहता मागचा पडदा होतो: 'मिएंत्रास तेम्ब्लाबा, सालिमोस आ ला काये', हलत असतानाच आम्ही रस्त्यावर आलो. दोन गोष्टी समांतर चालू असतील तर दोन्हीकडे कोप्रेतेरितो, 'मिएंत्रास यो कोसिनाबा, एल बेईआ ला तेले', मी स्वयंपाक करत होते आणि हा टीव्ही बघत होता. हे वाक्य मेक्सिकोत आणि सोलापुरात सारखंच चालतं.

प्रश्न: मुंबईहून. ओरल टेस्टमधे मी 'एस्ताबा तेनिएंदो मुचो त्राबाहो' म्हणाले, परीक्षक हसल्या. इतकं वाईट आहे का?

उत्तर: वाईट नाही, भारतीय आहे! आपण ऑफिसात इंग्रजीतून 'आय वॉज हॅविंग लॉट ऑफ वर्क', 'आय वॉज नोइंग हिम' असं सर्रास बोलतो आणि तेच उचलून स्पॅनिशमधे ठेवतो. तेनेर, साबेर, सेर, केरेर (हवं असणं या अर्थी) या मंडळींना एस्ताबाबरोबर सहसा जोडत नाहीत, नुसता इम्पेर्फेक्तो पुरतो: 'तेनीआ मुचो त्राबाहो'. ईर आणि बेनीरलाही सांभाळा, 'बाजारात जात होते तेवढ्यात शेजारीण भेटली' याचं 'ईबा आल मेर्कादो क्वांदो मे एंकोंत्रे कोन ला बेसिना', 'एस्ताबा येंदो' कानाला खटकतं.

तुम्ही पत्रात 'मला माहीत होतं'चं पण विचारलंय. तिथे मराठी तुमच्या बाजूने आहे, 'साबीआ' म्हणजे माहीत होतं आणि 'सुपे' म्हणजे कळलं. 'कोनोसीआ' ओळखत होते, 'कोनोसी' ओळख झाली. 'नो केरीआ ईर' जायचं नव्हतं (पण कदाचित गेलेही असेन), 'नो किसे ईर' गेलेच नाही, नकारच दिला. 'मला आवडायचं' मे गुस्ताबा, 'मला आवडलं' मे गुस्तो. एक अपवाद लक्षात ठेवा, 'मला वाटलं तू येणार नाहीस' यात मराठीत 'वाटलं' असूनही स्पॅनिशमधे 'क्रेईआ के नो बेनीआस' छान चालतं, 'पेन्से के' सुद्धा चालतं, इथे कुणी मार्क कापले तर भांडा.

प्रश्न: मडगाव, गोवा. आमच्या घरी आजीला पोर्तुगीज यायचं, त्यामुळे स्पॅनिश सोपं जाईल वाटलं. मी 'एस्ताबा आ कोमेर' लिहिते आणि दर वेळी लाल रेघ.

उत्तर: आजीचं पोर्तुगीज लिस्बनच्या वळणाचं, तिथे 'एस्तार' नंतर 'आ' आणि मूळ क्रियापद लावून चालू क्रिया दाखवतात. स्पॅनिशला ते चालत नाही, 'एस्ताबा कोमिएंदो'च लागतं. ब्राझीलवाले 'एस्तावा कोमेंदो' म्हणतात, ते स्पॅनिशच्या जास्त जवळ. बाकी तुमचा फायदा मोठा आहे, 'कोमीआ' दोन्ही भाषांत तसंच आणि वापरही बराचसा तोच, तेव्हा हे एवढं 'आ' सोडा आणि पुढे चला.

प्रश्न: नागपूर. 'तो बाकावर बसला होता आणि त्याने लाल शर्ट घातला होता.' बसला होता, घातला होता, म्हणजे पूर्ण भूतकाळ, म्हणून मी 'से आबीआ सेंतादो', 'आबीआ येबादो' केलं. शिक्षक म्हणतात नाही.

उत्तर: शिक्षक बरोबर आहेत, पण तुमचा तर्कही समजण्यासारखा आहे. मराठीत 'बसला होता'चे दोन अर्थ होतात, एक म्हणजे त्याआधी कधीतरी बसला होता आणि दुसरा म्हणजे बसलेल्या अवस्थेत होता. तुमच्या वाक्यात दुसरा आहे, ते नुसतं वर्णन आहे, म्हणून 'एस्ताबा सेंतादो एन उन बांको' आणि 'येबाबा उना कामिसा रोहा'. आता इंग्रजीची आठवण ठेवून 'एस्ताबा सेंतांदोसे' करू नका, त्याचा अर्थ तो नुकता बसायला लागला होता, अजून टेकलाही नव्हता. उभा होता, झोपला होता, टेकून उभा होता, सगळ्यांना हेच: 'एस्ताबा दे पिए', 'एस्ताबा दोर्मिदो', 'एस्ताबा आपोयादो'. फक्त 'झोपला होता'ला 'एस्ताबा दुर्मिएंदो'सुद्धा चालतं आणि फार फरक पडत नाही.

प्रश्न: साताऱ्याहून, बारावीत आहे. 'मी निघणारच होतो तेवढ्यात पाऊस आला' यात निघणं झालंच नाही. मग कुठला भूतकाळ?

उत्तर: अरे, 'ईबा आ सालीर क्वांदो एम्पेसो आ योबेर'. ईरचा इम्पेर्फेक्तो, 'आ', आणि मूळ क्रियापद, म्हणजे आपलं 'णार होतो'. हा 'ईबा' नेहमी इम्पेर्फेक्तोतच, 'फुई आ सालीर' केलंस तर तू खरोखर कुठेतरी गेलास असं होईल. 'निघणारच'मधला 'च' पाहिजे असेल तर 'एस्ताबा आ पुंतो दे सालीर', अगदी दाराशीच होतो. आणि पावसात पाय घसरून पडता पडता वाचलास तर त्याला स्पॅनिशमधे चक्क वर्तमानकाळ लावतात, 'कासी मे काईगो', शब्दशः 'जवळजवळ पडतो'. गोष्ट कालची असली तरीही, 'आयेर कासी मे काईगो'. याचं कारण परीक्षेत कुणी विचारत नाही, तू फक्त बोलताना वापर.